बेनूनानांचा शनिवार

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस एकही नसतो. असतात ते टायर. धुळ्याच्या एसटी डेपोमागची पत्र्याची शेड, भिंतीला टेकलेल्या टायरांच्या उंचच उंच चळती आणि मधोमध थोडी मोकळी जागा. पत्र्याला जिथे जिथे भोकं आहेत तिथून उन्हाचे कवडसे खाली उतरलेले. पैसे देऊनही असा प्रकाश मिळत नाही. रबराचा वास आहे, डिझेलचा वास आहे आणि पलीकडच्या कॅन्टीनमधून कलाबाईच्या मिरचीच्या भज्यांचा ठसका येतो आहे. कोपऱ्यात एका ट्रॅक्टरच्या टायरवर पेटी ठेवलेली. पेटीमागे एक खाकी कपड्यातला बारीक माणूस डोळे मिटून सूर धरून बसलेला.

डावीकडच्या विंगेतून, म्हणजे पंक्चरच्या हौदामागून, काळा लांब डगला घातलेला एक तरुण वाकत वाकत येतो. हात चोळतो. खुनशी हसतो. तोंड उघडून पहिलं वाक्य म्हणणार, तेवढ्यात त्याचं नाक गळून हौदात पडतं. डुबुक!

"अरे तोत्या, नाक सांभाळ, नाक!" दिग्दर्शक ओरडतात. "नाकावर तर बठ्ठं नाटक उभं शे आपलं!"

साल एकोणीसशे शहाऐंशी, महिना जानेवारी. डेपोच्या स्नेहसंमेलनासाठी नाटकाची तालीम चालली होती.

ज्याचं नाक पडलं तो तोताराम बोरसे, डेपोतला मेकॅनिक. गाडीखाली उताणा पडून पाना फिरवताना मोठमोठ्याने संवाद म्हणणारा. आजवर त्याच्या वाट्याला भालदार, शिपाई आणि एकदा झाड आलं होतं. यंदा पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती आणि त्या आनंदात तो घरी आरशासमोर इतकं खुनशी हसत होता की आई त्याची दृष्ट काढायच्या विचारात होती.

दिग्दर्शक म्हणजे अभिमन अहिरराव, सगळ्यांचे आबा. स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. गाड्यांची घोषणा करायचा त्यांचा आवाज असा दणदणीत, की ध्वनिक्षेपक बिघडला तर प्रवाशांना कळायचंही नाही. नाटक त्यांनीच लिहिलं होतं. कुठल्याशा परदेशी गोष्टीतून त्यांनी एक सावकार उचलला होता. जातीचा ज्यू. वाकडं नाक, वाकडी चाल, वाकडं मन. शेवटच्या अंकात सगळं गाव त्याला गाठोड्यासकट वेशीबाहेर हाकलतं, मागे कुत्री सोडतं आणि पडदा. इथे टाळ्या पडणार याची आबांना खात्री होती. ज्यू म्हणजे कोण, हे आबांनी पाहिलं नव्हतं. धुळ्यात कुणी पाहिलं होतं?

आणि पेटीवर बसलेला तो बारीक माणूस म्हणजे बेनूनाना. पाटीवरचं नाव बी. ई. झिराडकर, कंडक्टर. मूळचे कोकणातले, वाढलेले मुंबईत, नोकरीनिमित्त आधी जळगावला आणि मग अठरा वर्षांपासून धुळ्यात. पेटी वाजवायची त्यांची तऱ्हा न्यारीच होती. इतर पेटीवाले चार बोटांवर भागवतात. नाना पाचही बोटं लावायचे, अंगठा अलगद खालून सरकवायचे, आणि मग पट्ट्यांवरून हात असा धावायचा की जणू नदीच्या वाळूवरून पाखरू.

डेपोत नानांबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: नाना शनिवारी कामावर येत नाहीत. त्यांची आठवडा सुट्टी खरी बुधवारची. ती ते उखर्डू भामरे या कंडक्टरला द्यायचे आणि उखर्डू त्यांच्या शनिवारच्या गाडीवर जायचा. त्या बदल्यात नानांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ड्यूटी केली, पोळ्याला केली, दिवाळीत भाऊबीजेला केली. आखाजीला सगळ्या खानदेशात लेकीबाळी माहेरी येतात, झाडांना झोके बांधलेले असतात, घराघरात पुरणाचे मांडे असतात. त्या दिवशी भरगच्च गाडीत तिकिटं फाडत उभे असायचे ते बेनूनाना.

आणि शनिवार का? तर डेपोनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं, नानांना शनीचं व्रत आहे. एवढं कडक व्रत करणारा माणूस सापडल्यावर कोण सोडतो? दर शुक्रवारी दुपारी उखर्डू एक बाटली तेल आणून द्यायचा. "नाना, मन्ह्या नावानं बी घालजो. साडेसाती चालू शे." त्याचं पाहून आणखी कुणी कुणी द्यायला लागले. नाना बाटली घ्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "दिवा लावतो हो तुझ्या नावानं."

तर त्या दिवशी तालीम संपल्यावर तोतारामनं हौदातून नाक काढलं, डगल्याला पुसलं आणि नानांच्या शेजारी बसला.

"नाना, तुम्ही मुंबई पाहिलेली. मला एक सांगा. ज्यू कसा असतो हो? म्हणजे चालतो कसा, बोलतो कसा? आबा नुसतं वाकडा हो वाकडा हो म्हणतात. किती वाकायचं? कंबर धरली माझी."

नानांनी पेटीचा भाता बंद केला. "पाहिलाय मी ज्यू."

"खरं? कुठे?"

"रोज पाहतो. दाढी करताना. आरशात."

तोताराम हसला. नाना हसले नाहीत, म्हणून मग तोही थांबला. मग त्यानं हातातल्या मेणाच्या नाकाकडे पाहिलं, मग नानांच्या नाकाकडे. नानांचं नाक म्हणजे सपाट, जेमतेम, चष्मासुद्धा सारखा घसरायचा.

"पण नाना, तुमचं नाक तर..."

"आमच्या नाकाचं आबांना कुणी कळवलेलं दिसत नाही," नाना म्हणाले. "उद्या शुक्रवार. दिवस मावळायच्या आत घरी ये. आमची ही वाट पाहील. आणि तोत्या, ते नाक घरी ठेवून ये."

नाना पांझरेच्या पलीकडे देवपुरात राहायचे, भाड्याच्या दोन खोल्यांत. तोताराम दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, हाताचं ग्रीस रॉकेलनं काढून तिथे पोचला. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी बसवलेली एक लहानशी लाकडी नळी होती. तिला हळदकुंकू लावलेलं आणि वर झेंडूचं फूल खोचलेलं. तोतारामनं सवयीनं हात जोडले.

आतून नानांच्या पत्नी मजलबाई हसत आल्या. "अरे, ते हळदकुंकू शेजारच्या मंदाबाईचं. ती सणावाराला आपला उंबरा पुजते, तेव्हा आमच्या मेझुझालाही पुजते. आत आमच्या धर्मग्रंथातली वचनं लिहिलेला कागद आहे. 'हे इस्राएला, ऐक, परमेश्वर एकच आहे' असं. येता जाता आम्ही त्याला हात लावून बोटं ओठांना लावतो."

"मग हळदकुंकू चालतं का?"

"आमच्यात नाही लावत. पण तिनं प्रेमानं लावलेलं मी कोणत्या तोंडानं पुसू? उन्हानं उडतं आपोआप."

घरात पांढरी चादर अंथरलेलं टेबल होतं. त्यावर दोन काचेचे दिवे. सूर्य अजून गच्च्यांच्या वर होता. मजलबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, वाती पेटवल्या, दिव्यांवरून हात फिरवून डोळे झाकले आणि पुटपुटल्या. नानांनी डोक्याला गोल टोपी घातली, काळ्या मनुका भिजवून काढलेल्या सरबताचा पेला उचलला आणि एका अनोळखी भाषेतलं काहीतरी गायलं. चाल मात्र अशी होती की तोतारामला वाटलं, अरे, हे तर आपल्याकडच्या कीर्तनासारखं! मग सगळ्यांनी त्या पेल्यातलं सरबत घेतलं, पोळीचा तुकडा मिठात बुडवून खाल्ला, आणि एकमेकांना 'शाब्बाथ शालोम', विसाव्याचा दिवस शांतीचा जावो, असं म्हटलं. तोतारामनंही म्हटलं. घरात एकदम रविवार दुपारसारखं निवांत झालं.

"आता उद्या दिवस बुडून आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत काम बंद," नाना म्हणाले. "चूल नाही, गाडी नाही, पेटीसुद्धा नाही. देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. आम्ही एवढी एकच गोष्ट त्याच्यासारखी करतो."

जेवायला कोंबडीचा नारळाच्या दुधातला रस्सा होता. तोतारामनं जेवणानंतर चहाची अपेक्षा केली, तर मजलबाई म्हणाल्या, "कोंबडी झाल्यावर दूध नाही हो मिळणार. मांस आणि दूध आम्ही एकत्र करत नाही. म्हणून तर गोडालाही नारळाचंच दूध. डुक्कर वर्ज्य, बिनखवल्याचा मासा वर्ज्य."

"म्हणून तुम्ही कॅन्टीनमध्ये नुसती भजी खाता!"

"कलाबाईची भजी कुठल्याच धर्मात वर्ज्य नाहीत," नाना म्हणाले.

मग गोष्ट निघाली. नाना गोष्ट सांगायला लागले की तिकिटं विसरायचे, हे डेपोत प्रसिद्ध होतं. फार फार वर्षांपूर्वी एक गलबत कोकणकिनाऱ्यावर नवगावजवळ फुटलं. जी थोडी माणसं वाचली त्यांची पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. माणसं गावोगाव पांगली. तेलाचे घाणे चालवायला लागली. मराठी बोलू लागली, नऊवारी नेसू लागली, गावाचं नाव आडनाव म्हणून लावू लागली. बरंच काही विसरली. पण मुलांची सुंता विसरली नाहीत, ती 'हे इस्राएला, ऐक' प्रार्थना विसरली नाहीत आणि शनिवार विसरली नाहीत. शनिवारी घाणा बंद. लोक म्हणायला लागले, हे शनिवार तेली. "म्हणजे आम्ही बेने इस्राएल. आमच्यात असं सांगतात बुवा. मी काही गलबतावर नव्हतो."

तोतारामचं लक्ष दिव्याकडे गेलं. मग कोपऱ्यातल्या फळीवरच्या बाटलीकडे. उखर्डूची बाटली. तीच ती, औषधाची, निळ्या बुचाची.

"नाना," तो हळूच म्हणाला, "उखर्डूभाऊंचं तेल..."

नानांनी मजलबाईंकडे पाहिलं. मजलबाई म्हणाल्या, "सांगा आता. मी पहिल्या वर्षापासून सांगतेय, सांगून टाका."

"दिवा लावतो म्हणालो, दिवा लावला," नाना म्हणाले. "त्याचं नाव घेऊन लावला. हिला विचार. पण कुणाचा दिवा, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तोत्या, गाडी थांब्यावर थांबते पाच मिनिटं. तेवढ्यात दोन हजार वर्षं कशी सांगायची? आणि एकदा सांगून पाहिलं होतं. जळगावला, नोकरीच्या सुरुवातीला. तिथला एक साहेब हसत हसत म्हणाला, 'अरे, ज्यू? तुम्हाला तर हिटलरनं संपवलं होतं ना? तू कसा राहिलास?' वाईट मनानं नाही रे. चहा पाजला त्यानं मला. पण तेव्हापासून ठरवलं, शनी तर शनी."

मग त्यांनी आपला उजवा हात दिव्याजवळ धरला. "हा अंगठा मला कुणी शिकवला, माहीत आहे? हेडा मॅडमनी. मी लहान असताना भायखळ्याला आमच्या चाळीसमोर राहायच्या. जर्मनीतून जीव घेऊन पळून आलेल्या. पियानो शिकवायच्या. त्यांचं मागे राहिलेलं घरचं एकही माणूस वाचलं नाही. मी एकदा विचारलं, बाई, तिथं हे सुरू कसं झालं? मला वाटलं, तलवारी घेऊन आले असतील. त्या म्हणाल्या, नाही. आधी नाक आलं. चित्रात, नाटकात, मुलांच्या पुस्तकात. वाकडं नाक, मागे गाठोडं. लोक हसले. आम्हीसुद्धा हसलो. मग दुकानांवर पाट्या आल्या, यांच्याकडून घेऊ नका. मग शाळेतून मुलं काढली. आणि मग एके दिवशी शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या."

शेजारच्या मंदाबाईचा कुकर शिट्टी देऊन गेला.

"इथे आमची खिडकी कुणी लावून घेतली नाही," नाना म्हणाले. "उलट दाराला फुलं लावतात. म्हणूनच भीती वाटते. आबांच्या नाटकातला ज्यू लबाड. आणि मी उभा राहून सांगणार, मीच तो, आणि हो, उखर्डू, तुझं तेल मी भलतीकडे लावलं! चिडला तर त्याची काय चूक? आणि उखर्डू चिडला की माझा शनिवार गेला. मोठ्या साहेबाचा कागद नाही माझ्याकडे. माझा शनिवार या माणसांच्या मर्जीवर उभा आहे, बाबा."

सोमवारी तोताराम तालमीला नाक न लावता उभा राहिला.

"नाक कुठंय?" आबा.

"आबा, नाकाशिवाय करतो."

"नाकाशिवाय? मग लोकांना कळणार कसं हा ज्यू आहे ते?"

"नाकावरून कळत नाही आबा."

"तू कधी पाहिला?"

तोतारामनं पेटीकडे पाहिलं. ते त्यानं सांगायचं नव्हतं. आबा खवळले. "एक मोठं काम दिलं तर शहाणपणा शिकवस? नाक लाव नाही तर डगला काढ! झिपरू हेल्परला देईन मी ही भूमिका!"

तोतारामनं क्षणभर डगल्याकडे पाहिलं. इतकी वर्षं झाड होऊन उभं राहिल्यावर मिळालेला डगला तो. त्यानं बटणं काढायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं. तेवढ्यात कोपऱ्यातला सूर थांबला.

"आबा," बेनूनाना पेटीमागून उठले होते. "पोराला नका बोलू. आणि तो शेवटचा प्रसंग मला वाजवता यायचा नाही. ते कुत्री सोडतात तो."

"का? चाल अवघड आहे?"

"चाल सोपी आहे. पण ज्याच्या मागे कुत्री सोडताय तो मी आहे. मी ज्यू आहे, आबा."

शेडमधल्या टायरांनीसुद्धा कान टवकारले. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"काहीतरीच! तू कोकणातला ना?"

"मी तर ख्रिश्चन समजत होतो."

"मी मुसलमान. डुक्कर खात नही ना नाना!"

"अरे पण शनी?" हे कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या माना उखर्डूकडे वळल्या.

उखर्डू एका टायरात बूड टाकून बसला होता, तो उठायला गेला तर टायरात अडकला. तसाच अर्धा उभा राहून म्हणाला, "अन मन्हं तेल? मन्हं तेल कोठे गयं?"

नानांनी सगळं सांगितलं. शुक्रवार, दिवे, सातवा दिवस. काही लपवलं नाही. "तुझ्या नावानं दर वेळी लावला. पण शनीला नाही. ते मी सांगायला हवं होतं."

"मंग मन्ही साडेसाती कशी उतरनी?" उखर्डूनं रडवेल्या रागानं विचारलं.

लोक खो खो हसले. कॅन्टीनची कलाबाई चहाची किटली घेऊन दारात उभी होती, तिनं तिथूनच ठणकावलं, "दिवा लागना ना? उजेड पडना ना? मंग कसानी बोंब मारस रे?"

पण उखर्डूला हसू आलं नाही. सगळे हसले हेच त्याला लागलं. टायरातून सुटून तो नानांसमोर आला. "अठरा वरीस मी तुला देवमाणूस समजत होतो. येत्या शनवारी तुन्ही गाडी तू पाहा. मी नही." आणि निघून गेला.

येता शनिवार म्हणजे संमेलनाचा. सकाळी गाडी, संध्याकाळी नाटक. गुरुवारी फळ्यावर ड्यूट्या लागल्या. शनिवार, धुळे–जळगाव, झिराडकर. नानांनी फळा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "आबा," ते म्हणाले, "शनिवारी माझी गैरहजेरी लावा. जे काय मेमो निघतील ते निघू देत. इतकी वर्षं मोडला नाही, आता या वयात मोडत नाही." आबांनी मान खाली घातली. घोषणा करणारा तो दणदणीत माणूस, त्या दिवशी त्यांनी शहादा गाडी इतक्या हळू पुकारली की चार प्रवासी मागे राहिले.

शुक्रवारी दुपारी तोताराम नानांसोबत कॅन्टीनमध्ये बसला होता. भज्यांची बशी तशीच होती. दारातून उखर्डू आला. हातात निळ्या बुचाची बाटली. ती त्यानं टेबलावर आपटली.

"हे घे."

"उखर्डू, हे शनीला जाणार नाही," नाना म्हणाले.

"माले ठाऊक शे! ऐकी तर ले!" तो कुणाकडेही न पाहता बसला. "घरी द्रौपदाले सांगं. म्हटलं, नानानं फसाडं माले. तर ती बाई मन्ह्यावरच उलटनी. म्हने, शनीची एवढी भक्ती होती तर तुम्ही सोता का नही गयात तेल घालाले? पाय मोडना होता का? अन म्हने, आपली पोर सासरहून आखाजीले येस, तिले बाप घरमा दिसस. दरसाल दिसस. गाडीवर कोन ऱ्हास मंग त्या दिवशी? शनी ऱ्हास का?"

कलाबाई पदर तोंडाला लावून आत पळाली.

"तर उद्यानी गाडी मन्ही," उखर्डू म्हणाला. "अन तेल द्रौपदानी दिधं. तिन्ह्या नावानं लावजो. मन्ह्या नावानं एक शनवार नही लावला तरी चाली. मी अजून थोडा नाराज शे."

आणि त्यानं नानांच्या बशीतलं भजं उचललं.

नाटकाचं काय झालं? आबांनी दोन दिवस दाराला कडी लावून नाटक पुन्हा लिहिलं. ज्यू गेला, परदेश गेला, कुत्री गेली. त्या जागी आला मार्केट यार्डातला कापसाचा दलाल, काटा मारणारा, अस्सल इथलाच. तोताराम डगल्याऐवजी धोतर नेसला आणि मोकळा झाला, कारण या माणसाला त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. मेणाचं नाक उरलं ते उरलंच. झिपरूनं ते आबांच्या नाकाशेजारी धरून पाहिलं. हुबेहूब. "आबा, तुमचंच काढलं होतं की काय?" आबांनी त्याला हाकललं, पण आरशात पाहून आले.

शनिवारी संध्याकाळी डेपोच्या आवारात दोन मालट्रकांमध्ये पडदा लागला. खुर्च्या भरल्या. विभागाचे मोठे साहेब पुढे येऊन बसले. नाना देवपुरातून पायी चालत आले होते आणि पेटीपाशी हात मागे बांधून उभे होते.

"वेळ झाली, सुरू करा," साहेब म्हणाले.

"करतो साहेब," आबा कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "फक्त तीन चांदण्या यायच्या आहेत."

"कुठल्या डेपोच्या?"

आबांनी आकाशाकडे बोट केलं. साहेबांनी वर पाहिलं. मग सगळ्या प्रेक्षकांनी वर पाहिलं. मेकॅनिक लोक बसच्या टपावर चढले. उखर्डू जळगावहून नुकताच परतला होता, तिकिटांची पेटी गळ्यात तशीच. तो सगळ्यात उंच टपावर जाऊन उभा राहिला.

"एक दिसनी!"

"ते विमान शे, भाऊ. हालतंय."

"तू हालतोस! ही देखा, मळ्याच्या अंगाला!"

नियंत्रक कक्षाकडे आबा धावत गेले आणि स्टँडभर त्यांचा आवाज घुमला: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. धुळे–शहादा गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. तसेच, आतापर्यंत दोन चांदण्या आलेल्या आहेत. तिसरी चांदणी थोड्याच वेळात अपेक्षित आहे." शहाद्याला निघालेली माणसं बोचकी खाली ठेवून आभाळाकडे पाहायला लागली.

तोताराम विंगेत धोतर सावरत उभा होता. त्याला नानांचा चेहरा दिसत होता. नाना वर पाहतच नव्हते. ते टपांवरच्या माणसांकडे पाहत होते, एकेकाकडे, आणि चष्मा सपाट नाकावरून घसरत होता.

"तिसरी!" उखर्डूची आरोळी आली. "नाना, तिसरी! वाजव आते!"

नाना बसले. भाता सुटला, अंगठा खालून सरकला आणि पडदा वर गेला. तोतारामला त्या वर्षी अभिनयाचं पदक मिळालं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मजलबाईंनी पाटीभर मलिदा आणला. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी आणि गुलाबाच्या पाकळ्या. त्यांचे प्रेषित एलियाहू हन्नाबी यांच्या नावानं, नवस फेडायचा म्हणून. उखर्डूनं तो दोन्ही हातांवर घेतला, डोळ्यांना लावला आणि दुसऱ्यांदा मागितला.

पुढे सात वर्षांनी नाना निवृत्त झाले. मुलगी ठाण्याला होती, तिथे बेने इस्राएलांची बरीच घरं, प्रार्थनेचं मंदिर जवळ. निघायचा दिवस अर्थातच शनिवार नव्हता. फलाटावर सगळा डेपो जमला होता. मंदाबाईनं जाताजाता चौकटीवरची ती नळी मजलबाईंच्या हातात दिली होती, कुंकवासकट. आबांनी ठाणे गाडी पुकारली ती अशी, की पांझरेपलीकडे ऐकू गेली असेल.

उखर्डू खिडकीशी उभा होता. "नाना, तठे तुन्हा शनवार कोन करी?"

"तिथे आमचे पुष्कळ आहेत रे. शनिवारी सगळेच मोकळे. कुणी कुणासाठी काही करायचं नाही."

उखर्डूनं पिशवीत हात घातला. त्यानं निळ्या बुचाची बाटली खिडकीतून आत सरकवली. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, फलाटाचा कोपरा वळायला लागली, तोताराम हात हलवत सोबत धावू लागला. तेव्हा नानांनी चष्मा सावरत मान बाहेर काढली आणि मोठ्यानं म्हणाले,

"उखर्डू, आखाजीला गाडीवर माणूस कमी पडला तर कळव रे! मी येतो!"